झाडाचा रस, भट्टीची चव

"साखरेचाच पाक आहे ना हा? मग एवढ्याशा बाटलीला इतके पैसे कशाचे?" मेपल सिरपची बाटली पहिल्यांदा हातात घेणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो. भारतातल्या दुकानात आयात मालाच्या कप्प्यासमोर उभा असलेला ग्राहक विचारतो, तसंच कॅनडात किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागात नव्यानं स्थायिक झालेलं मराठी कुटुंबही विचारतं. ऑन्टारियो प्रांतात मार्चमध्ये शाळांना आठवडाभर सुटी असते. त्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन मेपलच्या राईत जायचं, झाडांना लावलेल्या बादल्यांत डोकावायचं, रस उकळणाऱ्या खोलीतल्या वाफेत उभं राहायचं आणि गरम पॅनकेकवर सिरप ओतून खायचं, हा तिथला ठरून गेलेला बेत असतो. येताना एक बाटली घरी येते आणि काही दिवसांत दुसरा प्रश्न उभा राहतो: साखरेऐवजी सिरप घातलं तर केक ओलसर का झाला, आणि एवढं महागाचं सिरप ओतूनही मेपलची चव गेली कुठे?

हे दोन्ही प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन मिळतात. मेपलच्या झाडातून जे गळतं ते जवळजवळ पाणीच असतं. ते पाणी काढायला जो वेळ आणि जे इंधन लागतं, त्यात सिरपची किंमत आहे. आणि ते उकळून काढलं जातं, यात सिरपची चव आहे. घरच्या बेकिंगमध्ये गणित चुकतं तेही बाटलीत उरलेल्या पाण्याचा हिशेब न केल्यामुळे. या प्रकरणाचं म्हणणं एवढंच आहे, पण ते पटायला झाडापासून सुरुवात करावी लागेल.

१. झाड मार्चमध्येच का पाझरतं?

सिरपसाठी प्रामुख्यानं शुगर मेपल हे झाड वापरतात. ब्लॅक मेपल, रेड मेपल या त्याच्या भाऊबंदांचा रसही चालतो. कॅनडाचा आग्नेय भाग आणि अमेरिकेचा ईशान्य भाग हे या झाडाचं माहेर. उन्हाळ्यात पानं साखर बनवतात, ती खोडात स्टार्चच्या रूपात साठून राहते. थंडीत त्याच स्टार्चची पुन्हा साखर होते, आणि ही साखर म्हणजे सुक्रोज. आपल्या डब्यातल्या साखरेत असतं तेच. म्हणजे मार्चमध्ये जो गोड रस मिळतो, ती आदल्या उन्हाळ्याची कमाई असते.

रस बाहेर पडण्यामागे मात्र हवामानाची एक खास जुळणी लागते: रात्री तापमान शून्याखाली जायला हवं आणि दिवसा शून्याच्या वर. मेपलच्या लाकडातल्या तंतूंमध्ये पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. रात्री गारठलं की रस या तंतूंकडे खेचला जातो आणि त्यांच्या आतल्या भिंतींवर गोठतो, तंतूतला वायू दाबला जातो आणि झाड मुळांवाटे आणखी पाणी वर ओढून घेतं. दिवसा ऊन पडलं की बर्फ वितळतो, दाबलेला वायू फुगतो आणि रसावर दाब येतो. रसातल्या साखरेमुळे पाणी पेशींकडे ओढलं जातं, त्यामुळे हा दाब टिकून राहायला मदत होते. अशा वेळी खोडाला भोक असलं तर रस ठिबकू लागतो. थंडी सलग राहिली तर रस गोठलेला राहतो. ऊब सलग राहिली तर दाब ओसरतो. हे चढउतार फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, एकंदर चार ते सहा आठवडे मिळतात, आणि त्यातही रोज मिळतील असं नाही. झाडाला कळ्या फुटू लागल्या की रसाची चव बिघडते आणि हंगाम संपतो. म्हणून सहलीला जाणाऱ्यांनी तारखेपेक्षा हवामानाचा अंदाज पाहावा. रात्री उणे पाच आणि दिवसा अधिक पाचच्या आसपास तापमान असेल, तर बादलीत थेंब पडताना दिसण्याची शक्यता चांगली.

मग हे झाड दुसरीकडे लावून भागणार नाही का? हा विचार जुनाच आहे. १७९१ मध्ये फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी थॉमस जेफरसन यांना पत्र लिहून मेपलच्या साखरेचा जोरदार पुरस्कार केला. वेस्ट इंडीजमधली उसाची साखर गुलामांच्या श्रमावर तयार होत होती. घरच्या मेपलची साखर तिची जागा घेईल, अशी त्यांची आशा होती. जेफरसन स्वतः गुलाम बाळगणारे असूनही या कल्पनेनं भारावले आणि त्याच वर्षी त्यांनी व्हर्जिनियातल्या मॉन्टिसेलो या आपल्या मळ्यासाठी ६० शुगर मेपल मागवले. तिथं मेपलची बाग काही उभी राहिली नाही. आजही हा व्यवसाय एका ठरावीक पट्ट्यातच आहे आणि जगातल्या एकूण मेपल सिरपपैकी सुमारे ७० टक्के एकट्या क्वेबेक प्रांतात तयार होतं. कारखाना कुठंही उभारता येतो, पण गोठण्या-वितळण्याचं ते चक्र सोबत नेता येत नाही.

२. त्रेचाळीस लिटरांचं गणित

आता किमतीकडे वळू. त्यासाठी साधा भागाकार पुरतो. एक लिटर सिरपचं वजन साधारण १.३२ किलो भरतं आणि त्यात वजनानं ६६ टक्के साखर असते, म्हणजे सुमारे ८७० ग्रॅम. शुगर मेपलच्या रसात सरासरी २ टक्के साखर असते, म्हणजे लिटरमागे २० ग्रॅम. ८७० ला २० नं भागलं की ४३ च्या थोडं वर उत्तर येतं. एक लिटर सिरपसाठी ४३ लिटर रस लागतो आणि त्यातलं ४२ लिटर पाणी हवेत सोडून द्यावं लागतं. उत्पादक यासाठी 'शहाऐंशीचा नियम' वापरतात: रसात जितके टक्के साखर, तितक्यानं ८६ ला भागायचं. साखर ३ टक्के असेल तर २९ लिटरांत काम होतं, दीड टक्का असेल तर ५७ लिटर लागतात. टक्क्याच्या एवढ्याशा फरकानं इंधनाचा खर्च जवळपास दुप्पट होतो.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळाशी ताडून पाहिलं म्हणजे हा आकडा किती मोठा आहे ते कळतं. उसाच्या रसात साखर साधारण १८ टक्के धरली, तर एक लिटर काकवीला पाच लिटर रस पुरे. काम तेच, कढईही तशीच, मळी काढणंही तसंच. फरक एवढाच की मेपलवाल्याला दहापटीहून जास्त पाणी उडवावं लागतं. त्यात ऊस दरवर्षी नव्यानं लावता येतो. मेपलला भोक पाडण्याआधी त्याचं खोड २५ ते ३० सेंटिमीटर जाड व्हावं लागतं आणि त्याला साधारण चाळीस वर्षं जातात. एवढं थांबल्यावर बादलीच्या जुन्या पद्धतीत एका भोकातून हंगामभरात मिळतो तो सुमारे ४० लिटर रस. म्हणजे एक भोक, एक हंगाम आणि जेमतेम एक लिटर सिरप.

उष्णतेचा हिशेबही करून पाहू. एक लिटर उकळतं पाणी पूर्ण वाफेत बदलायला विजेच्या सुमारे ०.६३ युनिटइतकी ऊर्जा लागते. ४२ लिटरांसाठी ती २६ युनिट झाली. बर्फासारखा थंड रस उकळीपर्यंत नेण्यासाठी आणखी पाचएक युनिट. भट्टीतून वाया जाणारी उष्णता शून्य धरली तरी एका लिटरमागे ३१ युनिट होतात. पूर्वी हे सारं लाकडं जाळून होत असे, आणि म्हणूनच रस उकळण्याची जागा राईतच, सरपणाच्या शेजारी असे.

इथं एक रास्त आक्षेप येतो. राईत दिसणाऱ्या बादल्या आता बऱ्याचदा पाहुण्यांसाठी असतात. मोठ्या उत्पादकांच्या झाडांना प्लास्टिकच्या नळ्या जोडलेल्या असतात, पंपानं रस ओढला जातो आणि १९७० च्या दशकापासून या धंद्यात आर.ओ. आला आहे, आपल्या घरी पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रात असतो तोच. पडद्यातून पाणी पलीकडे जातं, साखर अलीकडे राहते. २ टक्क्यांचा रस असा ८ टक्क्यांवर नेला की ४३ लिटरांचे पावणेअकरा लिटर होतात. तीन चतुर्थांश पाणी आग न लावता गेलं. मग सिरप स्वस्त का झालं नाही? एक कारण म्हणजे झाडं, हंगाम आणि साखरेचे टक्के यांतलं काहीही यंत्रानं बदललेलं नाही. दुसरं कारण बाजारातलं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही: क्वेबेकमध्ये उत्पादकांची संघटना प्रत्येकाचा कोटा ठरवते आणि २००० सालापासून सिरपचा राखीव साठा ठेवते, म्हणजे चांगल्या वर्षी भाव कोसळत नाही आणि वाईट वर्षी माल तुटत नाही. हा साठा किती मोलाचा आहे हे २०१२ मध्ये जगाला कळलं, जेव्हा एका गोदामातून जवळपास ३,००० टन सिरप चोरीला गेल्याचं उघड झालं. त्याची किंमत होती सुमारे १ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलर. कोट्यामुळे भाव स्थिर राहतो, पण त्याचा पाया मात्र त्या ४२ लिटर पाण्यानंच घातलेला आहे.

३. मेपलची चव झाडात नसते

राईत गेल्यावर बादलीतला ताजा रस चाखायला मिळाला तर तो जरूर चाखावा, कारण या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा तोच आहे. तो पाण्यासारखा पातळ आणि स्वच्छ असतो, जिभेवर जेमतेम गोडी रेंगाळते आणि मेपलचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो त्यात नसतो. रस गोठवून, उष्णता न देता सुकवला तर फिकट, गोड आणि बिनवासाची साखर हाती येते. याचा अर्थ मेपलची चव झाडातून तयार होऊन येत नाही. झाड फक्त कच्चा माल देतं. साखरेखेरीज रसात थोडी अमिनो आम्लं, काही सेंद्रिय आम्लं, खनिजं आणि फिनॉल गटातली द्रव्यं असतात. रस उकळत असताना साखर आणि अमिनो आम्लं यांची एकमेकांवर क्रिया होते. पाव भाजताना कवच तांबूस होतं आणि खमंग वास सुटतो, तोही याच क्रियेमुळे. शास्त्रज्ञ तिला मायार क्रिया म्हणतात. तिच्यातून भाजक्या वासाची पायराझिन नावाची द्रव्यं तयार होतात. सिरपमध्ये व्हॅनिलाच्या वासाचं व्हॅनिलिनही सापडतं. २०११ मध्ये संशोधकांना सिरपमध्ये एक नवं द्रव्य सापडलं आणि क्वेबेकवरून त्याला क्वेबेकॉल हे नाव मिळालं. ते मूळ रसात नसतं, रसाचं सिरप होताना तयार होतं. म्हणून आर.ओ. वापरणाराही शेवटची उकळी टाळत नाही. तिथं इंधन वाचवलं तर बाटलीत नुसता गोडवा उरेल.

हीच गोष्ट लक्षात ठेवली की बाटलीवरच्या रंगांच्या नावांचा अर्थ लागतो. हंगामाच्या सुरुवातीला गारठा असतो, रसात जिवाणू फारसे वाढत नाहीत आणि त्यातली साखर जवळजवळ सगळी सुक्रोज असते. पुढे ऊब वाढते, जिवाणू आणि यीस्ट सुक्रोजचे तुकडे करून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज बनवतात. हे दोन्ही मायार क्रियेत सुक्रोजपेक्षा चटकन भाग घेतात. त्यामुळे उशिराच्या रसाचं सिरप अधिक गडद आणि अधिक ठसकेबाज होतं. आज कॅनडा आणि अमेरिकेत त्याचे गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क असे चार वर्ग करतात, आणि किरकोळ विक्रीला येणारे चारही 'ग्रेड ए' म्हणूनच विकले जातात. पूर्वी अमेरिकेत गडद सिरपला 'ग्रेड बी' म्हणत आणि ते हलकं असल्याचा समज होई. २०१५ च्या नव्या पद्धतीनं तो गोंधळ मिटवला. रंगावरून प्रत ठरत नाही, स्वभाव ठरतो. पॅनकेकवर ओतायला अंबर छान, आणि पीठ-लोण्याच्या गर्दीत टिकायला डार्क किंवा त्याहून गडद.

४. सिरपच्या पुढच्या पायऱ्या

सिरप झालं हे ओळखायचं कसं? पाण्यात साखर विरघळली की ते जास्त तापमानाला उकळतं, आणि साखर जितकी दाट तितकं हे तापमान वर सरकतं. म्हणून थर्मामीटर हेच मोजमाप होतं. सिरप पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या ४ अंश सेल्सियस वर तयार होतं. समुद्रसपाटीला हा आकडा १०४ होतो. पण पुण्यात पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून तिथं १०२ ला थांबावं लागेल. आधी स्वच्छ पाणी उकळून त्याचं तापमान पाहायचं आणि मग पुढचे अंश त्यात मिळवायचे, हा मेपलवाल्यांचा नियम घरातल्या कुठल्याही पाकाला लागू पडतो. गुऱ्हाळात काकवी आधी निघते आणि गूळ नंतर, त्यामागेही हेच चढतं तापमान असतं.

सिरपवर न थांबता उकळत राहिलं तर १२-१३ अंश वर टॅफीची पायरी येते, १८ अंशांच्या आसपास साच्यात ओतायच्या मऊ वड्यांची, आणि २२ ते २५ अंशांवर कोरड्या, दाणेदार साखरेची. इतिहासात ही शेवटची पायरीच आधी महत्त्वाची होती. अनिशिनाबे, होडेनोशोनी, अबेनाकी हे उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी मेपलचा रस वापरत होते आणि त्यांच्याकडूनच हे ज्ञान युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी घेतलं. अनिशिनाबे लोक मेपलची साखर बर्च झाडाच्या सालीच्या डब्यांत, म्हणजे 'मकाक'मध्ये भरून वर्षभर पुरवत. हवाबंद डबे नसताना सिरपला बुरशी येते, साखर टिकते. इतकं साधं कारण होतं. एकोणिसाव्या शतकात उसाची साखर स्वस्त झाली, मेपलची साखर स्पर्धेत मागे पडली, आणि चवीसाठी घेतलं जाणारं सिरप पुढे आलं.

सहलीला आलेल्या मुलांना सगळ्यात आवडते ती टॅफी. उकळती टॅफी स्वच्छ बर्फावर पट्ट्यापट्ट्यांनी ओततात, ती चिकट, लवचीक होते आणि काडीवर गुंडाळून खातात. क्वेबेकच्या शुगरहाऊसमध्ये हा जेवणाचा शेवट असतो. व्हरमाँटमध्ये तिच्यासोबत डोनट आणि आंबट काकडीचं लोणचं देतात, म्हणजे गोडानं जीभ कंटाळली की आंबट खायचं आणि पुन्हा सुरू करायचं. टॅफी बर्फावरच का? एकदम गार झाल्यानं साखरेच्या रेणूंना रांगेत लागून स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही. याच तापमानाचा पाक न हलवता गार केला आणि मग बराच वेळ घोटला, तर अतिसूक्ष्म स्फटिक तयार होतात आणि लोण्यासारखं मेपल क्रीम मिळतं. तापमान तेच, पदार्थ दोन. फरक गार करण्याच्या रीतीचा.

मेपल क्रीम घरी करायला ओव्हन लागत नाही. एक कप सिरप खोल पातेल्यात घ्या, फेस उतू जाऊ नये म्हणून लोण्याचा छोटा खडा टाका आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या १२ अंश वर न्या. मग पातेलं थंड पाण्यात ठेवा आणि पाक पूर्ण गार होईपर्यंत त्याला चमचा लावू नका. मध्ये हलवलं तर मोठे स्फटिक बनून तो रवाळ होतो. गार झाल्यावर लाकडी चमच्यानं घोटत राहिलं की चकाकी जाऊन तो फिकट आणि घट्ट होतो. यासाठी गोल्डन किंवा अंबर सिरप घ्यावं. गडद सिरपमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असतात आणि ते सुक्रोजला स्फटिक बनू देत नाहीत. उकळता पाक त्वचेला चिकटून खोल भाजतो, म्हणून मुलांना घोटायला द्यावं, उकळायला नाही.

५. ओव्हनमध्ये सिरप असं वागतं

आता केक ओलसर का झाला ते सांगता येईल. सिरपमध्ये तीन गोष्टी एकत्र आहेत: साखर, पाणी आणि सुगंध. त्यांचा हिशेब वेगवेगळा करावा लागतो. पाककृतीत एक कप, म्हणजे २०० ग्रॅम साखर लिहिली असेल तर तिच्या जागी पाऊण कप सिरप घेतात. पाऊण कप म्हणजे १८० मिलिलिटर, वजनानं सुमारे २४० ग्रॅम. त्यातली १६० ग्रॅम साखर आणि ८० ग्रॅम पाणी. म्हणजे मिश्रणात कुणाच्या लक्षात न येता ८० मिलिलिटर पाणी शिरलं. दूध किंवा इतर पातळ पदार्थ चार-पाच मोठे चमचे कमी करायचे, की हिशेब बसला. सिरपमधले ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि अमिनो आम्लं ओव्हनमध्ये लवकर तांबूस होतात, म्हणून तापमान दहा-पंधरा अंश उतरवून थोडा जास्त वेळ भाजावं. मधाच्या पाककृतीत मेपल वापरताना आणखी एक फरक लक्षात घ्यावा: मध चांगलाच आम्लधर्मी असतो आणि सोडा त्याच्याशी क्रिया करून फुगतो. मेपल सिरप जवळपास उदासीन असतं. अशा वेळी सोड्याऐवजी बेकिंग पावडर बरी.

दुसरी अडचण हवेची आहे. बऱ्याच केक-बिस्किटांत लोणी आणि साखर फेटण्यापासून सुरुवात होते. साखरेचे टोकदार दाणे लोण्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकवतात आणि ओव्हनमध्ये तेच फुगतात. सिरपमध्ये दाणेच नसतात, त्यामुळे कितीही फेटलं तरी ते काम होत नाही. शिवाय सिरपमधलं पाणी मैद्यातलं ग्लुटेन जागं करतं आणि बिस्किट कुरकुरीत न होता मऊ पडतं. म्हणून नानकटाईसारख्या खुसखुशीत पदार्थात सिरप घालण्याचा आग्रह धरू नये. तिथं दाणेदार मेपल साखर चालते. सिरपला शोभतात ते मुळातच ओलसर पदार्थ: मफिन, केळ्याचा ब्रेड, ओट्सच्या वड्या, आणि सुकामेवा-ओट्स भाजून केलेला ग्रॅनोला.

राहिला सुगंध. मेपलच्या सुगंधाची द्रव्यं उडून जाणारी असतात आणि उरतात त्यांना पीठ, अंडी, लोणी झाकून टाकतात. याला उपाय तीन. गडद सिरप घ्यावं, चिमूटभर मीठ घालावं, आणि थोडं सिरप राखून ठेवून पदार्थ ओव्हनमधून आल्यावर वरून लावावं. क्वेबेकचा 'पुदिंग शोमर' हा पदार्थ तर ही अडचण येऊच देत नाही. १९२९ नंतरच्या मंदीत कष्टकरी घरांतल्या बायकांनी तो ब्राऊन शुगरवर उभा केला, पुढे त्यात मेपल सिरप आलं. एक कप सिरप आणि एक कप क्रीम उकळून ते साध्या केकच्या घट्ट मिश्रणावर ओततात आणि भाजतात. मिश्रण वर फुगून केक होतं, सिरप तळाशी जाऊन दाट रस होतो. इथं सिरप पिठात विरून जात नाही, चमच्यात वेगळं येतं. म्हणून चव कळते.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप उलट बाजूनं येतो: मेपल सिरप नैसर्गिक आहे, मग साखरेपेक्षा ते आरोग्याला चांगलंच असणार. त्यात मँगनीज आणि रिबोफ्लेविन चांगल्या प्रमाणात असतात हे खरं, रक्तातली साखर ते किंचित सावकाश वाढवतं हेही खरं. पण एका मोठ्या चमच्यात सुमारे १२ ग्रॅम साखर आणि ५० च्या वर कॅलरी असतात. जागतिक आरोग्य संघटना मध आणि सिरपमधल्या साखरेला ज्यांवर मर्यादा ठेवावी अशाच साखरांत धरते. औषध म्हणून ते घेण्यात अर्थ नाही. मधुमेह असलेल्यानं ते साखरच समजावं.

दुसरा आक्षेप: झाडाला भोक पाडणं क्रूर नाही का? भोक साधारण ८ मिलिमीटर रुंद आणि चार-पाच सेंटिमीटर खोल असतं. हंगाम संपला की झाड त्या जखमेभोवतीचं लाकूड बंद करून टाकतं. त्या पट्ट्यातून पुन्हा रस वाहत नाही आणि पुढच्या वर्षी भोक दुसरीकडे घ्यावं लागतं. झाड दरवर्षी नवं लाकूड चढवतं, त्यामुळे भोकं मोजकी असली तर तोटा भरून निघतो. पिढ्यान्‌पिढ्या रस देणाऱ्या राई याच हिशेबावर उभ्या आहेत. बारीक खोडांना किंवा एकाच झाडाला अनेक भोकं पाडणं मात्र घातकच. या झाडांना भोकापेक्षा मोठा धोका उबदार होत चाललेल्या हिवाळ्यांचा आहे, कारण पहिल्या भागात पाहिलेलं गोठण्या-वितळण्याचं चक्रच त्यानं विस्कटतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात दमदार आहे: मक्याच्या पाकात वास मिसळलेलं 'पॅनकेक सिरप' कितीतरी स्वस्तात मिळतं, मग खऱ्याचा हट्ट का? या नकली वासात आपल्या ओळखीचा एक पदार्थ आहे: मेथी. मेथीदाण्यात सोटोलोन नावाचं द्रव्य असतं आणि त्याचा वास मेपलची आठवण करून देतो. म्हणूनच कृत्रिम मेपल स्वादात मेथीचा अर्क वापरतात. २००५ पासून न्यूयॉर्कच्या काही भागांत अधूनमधून मेपल सिरपचा गोड वास पसरायचा आणि लोक घाबरून तक्रारी करायचे. २००९ मध्ये त्याचा उगम शेजारच्या न्यू जर्सीत सापडला. मेथीदाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यातून तो वास येत होता. तेव्हा स्वस्त बाटलीतला वास खोटा आहे असं म्हणता येत नाही. पण त्यात एका द्रव्याची छाप असते, आणि खऱ्या सिरपमध्ये तासन्‌तास उकळून जमलेल्या अनेक द्रव्यांचा मेळ. ही तफावत चमच्यानं चाखताना स्पष्ट कळते, पॅनकेकवर कळते, टॅफीत कळते. चॉकलेट केकच्या पोटात ती कुणालाही कळणार नाही, आणि तिथं खरं सिरप ओतणं म्हणजे पैशाची उधळपट्टी.

म्हणून विकत घेताना बाटलीच्या मागची घटकांची यादी वाचा. खऱ्या सिरपच्या यादीत एकच नाव असतं. बेकिंगसाठी गडद, ओतण्यासाठी अंबर, क्रीमसाठी फिकट, असा हिशेब ठेवा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर तिला बुरशी येते. साखर जिथं फक्त गोडवा आणते तिथं साखरच वापरा. मेपल सिरप तिथंच वापरा जिथं त्याची चव जिभेला वेगळी लागेल, कारण पैसे त्या चवीचे मोजलेले असतात.